पुढच्या चाकाचं टायर

त्या शनिवारी बाबांशी माझं वाजलं ते टायरवरून. वाजलं म्हणजे आमच्या पद्धतीने: ते बुटक्या स्टुलावर बसून चाक खोलत होते, मी त्यांच्या सायकल दुरुस्तीच्या दुकानाच्या दारात उभी राहून बोलत होते, आणि दोघंही एकमेकांकडे बघत नव्हतो.

माझी सायकल बॅटरीवर चालते. मोटर मागच्या चाकात, त्यामुळे ते चाक काढायचं म्हणजे वायर सोडवा, जड नट सैल करा, निम्मी सकाळ त्यातच. दोन वर्षांत मी त्यांच्याकडे सतरा-अठरा पंक्चर आणली होती. त्या दिवशी मला न विचारताच त्यांनी जाड टायर काढून ठेवलं होतं. रबराखाली आणखी एक चिवट थर, खिळासुद्धा सहसा आत पोचत नाही.

ते जड असतं, बॅटरी खातं, हलकंच बरं, असं मी तीन वेळा सांगितलं. सायकलवरून डोंगर पालथे घालणारे गणिताचे मास्तर तेवढ्यात आले आणि म्हणाले, हिचं जाड टायर मलाही द्या.

बाबांनी मान हलवली. "तुमचं वैर दगडांशी, हिचं खिळ्यांशी. तुमचं टायर कडेला फाटतं, हिचं मधोमध टोचतं. तुम्ही कडा जाड असलेलं घ्या, ट्यूब काढून टाका आणि आत भोक बुजवणारं पातळ औषध घाला."

"आणि लेक नको म्हणतेय त्याचं काय?"

"लेकीचं ऐकलं असतं तर आज तिच्यामागे पंप घेऊन धावत असतो."

मास्तर हसले. मी हसले नाही.

टायर चढवण्याआधी बाबांनी नेहमीसारखा कापसाचा बोळा आतून गोल फिरवला. काटा राहिला असेल तर कापूस अडकतो. मग टायरवरचं नाव बरोबर हवेच्या तोंडाशी आणलं. ट्यूबला भोक पडलं तर टायरमध्ये नेमकं कुठे शोधायचं ते त्यावरून कळतं. हे सगळं त्यांनी मला अकराव्या वर्षी शिकवलं होतं. तरी मी दारातच उभी होते.

"पुढचं टायर अजून आलं नाही," ते हात पुसत म्हणाले. "पुढच्या शनिवारी ये."

"मला दर शनिवारी हेच काम नसतं," म्हणून मी निघाले. मागे वळून पाहिलं नाही. गुरुवारी सकाळी ते चहा घेऊन खुर्चीत बसले, आणि उठलेच नाहीत.

त्यानंतर माझं बूड एका जागी टेकेना. पुस्तक उघडायची, तेच पान चार वेळा वाचायची, मिटायची. ऑफिस सुटलं की दुकानात. नट खोलायचे पाने उचलून दुसऱ्या खिळ्याला लावायची, परत पहिल्याला. दादा म्हणायचा, तुझं हे आवरणं चाललंय की विस्कटणं? जागा महिनाअखेर सोडायची होती. सगळा माल दुसऱ्या एका सायकलवाल्याने उचलायचं कबूल केलं होतं, आणि त्याचा टेम्पो रविवारी पाच वाजता येणार होता.

"तुला काय हवंय ते आज काढ," दादा त्या दुपारी म्हणाला. "पाचनंतर रडू नकोस."

मी पंप घेतला, ठेवला. त्यांचा चष्मा घेतला, तसाच घरी आणखी एक होता म्हणून ठेवला. कापसाचा डबा घेतला. चार वाजले तरी माझ्या हातात तेवढाच डबा. शेवटी दादा टायर उतरवू लागला आणि मी दारापाशी रचू लागले. आतल्या भिंतीवर, जुन्या ट्यूबांच्या मागे, एक टायर होतं. माझ्या मागच्या चाकाला बसवलं त्याच जातीचं, त्याच मापाचं.

दुकानात आलेल्या प्रत्येक टायरच्या आतून बाबा खडूने तारीख घालत, म्हणजे जुना माल आधी जाई. मी टायर उलटवलं. तारीख त्या शनिवारच्या बावीस दिवस आधीची होती.

"हे तेव्हा दुकानातच होतं," मी म्हटलं.

"असणारच. जोडीनेच मागवायचे ते." दादाने घड्याळ पाहिलं. "घरी ने. कोणाकडून तरी बसवून घेऊ."

मी सायकल आत आणून उलटी केली. पुढचं चाक दोन मिनिटांत निघालं. जुनं टायर उतरवलं, ट्यूब हाताने चाचपली, नव्या टायरमधून कापूस फिरवला. कुठे अडकला नाही. टायरवरचं नाव हवेच्या तोंडाशी आणलं आणि अंगठ्यांनी कड आत बसवली. शेवटची वीतभर कड फार घट्ट होती. तिथे मला गुडघा टेकावा लागला. खडूची तारीख आत गेली.

दादा हातातलं सोडून बघत राहिला होता. "तुला येतं हे?"

"येतं."

"मग वाटेत पंक्चरची दोन दुकानं सोडून, चार किलोमीटर सायकल ढकलत इथे कशाला यायचीस?"

बाहेर टेम्पो मागे येत होता. मी पंप लावला. हवा भरली, चाक फिरवून पाहिलं, डगमगत नव्हतं. दादा अजून उत्तराची वाट बघत होता, पण मी बाबांच्या स्टुलाकडे वळले.

"बाबा, मी पंक्चर काढायला येत नव्हते. तुम्हाला बघायला येत होते."