नऊ खिळे

आप्पांनी हातोडी खाली ठेवली आणि खुर्चीच्या कडेवरून बोट फिरवत खिळे मोजले. नऊ. उलट्या बाजूने पुन्हा मोजले, तरी नऊच. त्यांनी जिभेने दोन्ही गाल चाचपले, जिभेखाली पाहिलं, वरची हिरडी तपासली. तोंडात खिळा नव्हता. दाढेत केकचा एक कण तेवढा अडकला होता. तो सुटला आणि सवयीने घशाखाली गेला, आणि मग मात्र दहावा खिळा कुठे गेला असेल ते आप्पांना उमगलं.

सोफे आणि खुर्च्या मढवणाऱ्या जुन्या कारागिरांची कामाची एक रीत असते. एक हात हातोडीला, दुसरा कापड ताणायला. खिळे धरायला देवाने तिसरा हात दिलेला नाही, म्हणून ते तोंडात धरायचे. जिभेने खिळा फिरवून त्याचं डोकं ओठांशी आणायचं, लोहचुंबकाची हातोडी ओठांना टेकवायची, खिळा चिकटला की कापडावर ठक्. आप्पांना हे काम शिकवलं त्या उस्तादांचा नियम एकच होता. दहा आत, दहा बाहेर, आणि मोजल्याशिवाय जागचं हलायचं नाही.

पुढे पिना मारायची गन आली आणि तोंड मोकळं झालं. मोकळं तोंड थोडंच गप्प बसतंय? आधी चहाबरोबर दोन बिस्किटं, मग चहाशिवाय चार, मग पाकीटच गनशेजारी. वीस वर्षांत आप्पा दीडशे किलोला दोन कमी एवढ्यावर येऊन ठेपले. गल्लीत लोक गमतीने म्हणायचे, आप्पांनी बसून पाहिलेली खुर्ची घ्या, नातवंडांपर्यंत टिकेल. आप्पाही हसायचे. हसण्यावारी नेण्यात त्यांचा हात कुणी धरला नसता.

पण गुडघ्यांना विनोद कळत नाही. तीन वर्षांपासून आप्पांना जमिनीवर बसता येत नव्हतं आणि खुर्चीचं निम्मं काम तर तिच्या खालीच असतं. पट्टे आवळायचे, स्प्रिंगा बांधायच्या, तळाला कापड लावायचं. ते सगळं आता त्यांची बायको करायची. पन्नाशीची बाई खुर्चीखाली उताणी पडून, धूळ डोळ्यांत घेत सुतळी ओढायची आणि आप्पा वर स्टुलावर बसून 'अजून थोडं आवळ' म्हणायचे. तिचा उजवा खांदा वर्षभर दुखत होता. ती कधी बोलली नाही. ती बोलली नाही, हेच आप्पांना जास्त लागायचं.

उपाय तर सगळे करून झाले होते. एक महिना नुसतं सूप, एक महिना नुसती अंडी, दुपारपर्यंत उपाशी, संध्याकाळनंतर उपाशी, सकाळी लिंबू आणि मध. प्रत्येक वेळी दहा उतरायचे आणि बारा चढायचे. शेवटी डॉक्टरांनी पोट लहान करण्याचं ऑपरेशन सुचवलं आणि यादीत नाव घातलं. अट एकच. चार महिन्यांत पाच किलो कमी करायचे आणि जे खाल त्याची रोज वही ठेवायची. वही तपासायला एक तरुण बाई होत्या, चष्मा कायम डोक्यावर, आवाज कायम हळू. आप्पा त्यांना वहीवाल्या बाई म्हणायचे. वजन तीनदा होणार होतं. पहिल्या दोन खेपांना काटा तसूभर हलला नव्हता. तिसरी खेप उद्या होती. उद्या जमलं नाही तर नाव यादीतून जाणार आणि पुढली यादी वर्षानंतर. आणखी एक वर्ष बायको खुर्चीखाली.

दुसऱ्या खेपेनंतर आप्पांना उस्ताद आठवले होते. त्यांनी गन कपाटात टाकली आणि जुने खिळे काढले. तोंडात दहा खिळे असताना माणूस काय खाणार? युक्ती लागू पडली. पाच आठवड्यांत पँट सैल झाली. बायको कौतुकाने म्हणाली, "हाताला जुनी सफाई आलीय तुमच्या." आप्पांनी ताकास तूर लागू दिली नाही.

आणि आज दुपारी मेहुणी केक घेऊन आली. तिला हे ऑपरेशन मुळीच पटलं नव्हतं. स्वतः अंगाने काडी, आयुष्यभर पाव मोजून खाणारी.

"तोंडाला कुलूप घातलं की झालं, भाऊजी. त्याला पोट कशाला कापायचं? मनाचा निर्धार हवा," असं म्हणत तिने केकचा डबा कामाच्या टेबलावर ठेवला, झाकण उघडून वास दाखवला आणि बायकोबरोबर आत गेली.

आप्पांनी तोंडात दहा खिळे घेतले. चार ठोकले. मग डब्याकडे पाहिलं. तोंडात खिळे असताना केकचा तुकडा गालाच्या दुसऱ्या बाजूने आत सारायचा, ही अक्कल जगात दुसऱ्या कुणाला सुचली नसती. आप्पांना सुचली. एक तुकडा, मग दुसरा. मग उरलेले खिळे ठोकले, आणि मोजले तर नऊ.

त्यांनी खुर्ची उलटी केली. फरशी झाडली. हातोडीचं चुंबक कोपऱ्याकोपऱ्यातून फिरवलं. दोन जुन्या पिना निघाल्या, खिळा नाही. आता धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. खिळ्याचं सांगावं, तर केकचं सांगावं लागणार. केकचं सांगितलं, तर ऑपरेशन गेलं. आणि काही न सांगता ऑपरेशनच्या टेबलावर चढावं, तर पोटात अर्ध्या इंचाचं टोकदार लोखंड.

संध्याकाळी बायकोने सूप पुढे ठेवलं.

"जात नाही का?"

"उद्याचं टेन्शन आहे जरा."

"होईल हो सगळं नीट," ती म्हणाली आणि डाव्या हाताने उजवा खांदा चोळत राहिली.

आप्पांनी वही काढली. 'दुपारी: अर्धं सफरचंद,' असं लिहिलं आणि पेन तसंच धरून बराच वेळ बसून राहिले.

सकाळी दवाखान्यात बायको बाहेरच्या बाकावर थांबली. आत नर्सने आप्पांना काट्यावर उभं केलं, आकडा लिहिला आणि ती निघून गेली. वहीवाल्या बाईंनी वही घेण्यासाठी हात पुढे केला. आप्पांनी वही दिली, पण सोडली नाही. दोघांच्या हातात ती क्षणभर तशीच राहिली.

"बाई, काल माझ्याकडून बहुतेक एक खिळा गिळला गेलाय."

बाईंनी पेन खाली ठेवलं. त्या हसल्या नाहीत, ओरडल्याही नाहीत.

"केवढा?"

"अर्धा इंच."

"दुखतंय? काही टोचतंय?"

"नाही."

"कशाबरोबर गेला?"

पाण्याबरोबर म्हणायला आप्पांची जीभ वळलीच होती. एवढी वर्षं ती तशीच वळत आली होती, सांगावं लागत नव्हतं तिला. पण बाहेर बाकावर खांदा चोळत बसलेली बायको त्यांच्या डोळ्यांपुढे आली.

"केकबरोबर," ते म्हणाले.

बाईंनी फोन उचलला, एक्स-रेवाल्याला दोन वाक्यांत सांगितलं आणि कोरा कागद पुढे ओढला.

"त्याच्याआधी काय खाल्लं होतं? नंतर काय? पोटात काय काय आहे ते डॉक्टरांना कळायला हवं. नीट आठवून सांगा."

आप्पांनी सांगायला सुरुवात केली. केकचे दोन तुकडे. सकाळी पावाच्या चार स्लाइस, लोणी लावून. बायको अंघोळीला गेली तेव्हा फ्रिजपाशी उभ्याने तीन चमचे जॅम. एवढं सांगून थांबायला हरकत नव्हती, पण एकदा बांध फुटल्यावर पाणी कुणाला विचारतंय? परवाचं सांगितलं, त्याच्या आदल्या दिवसाचं सांगितलं. गिऱ्हाईक न्यायलाच आलं नाही अशा एका जुन्या सोफ्याच्या हातात, अस्तराच्या आत, बिस्किटांची पाकिटं असतात, तेही सांगितलं. दुसऱ्या खेपेला इथून निघाल्यावर बसस्टॉपवर खाल्लेले दोन बन सांगितले. खिळ्यांची युक्ती सांगितली. बाई लिहीत होत्या. आप्पांना लाज वाटत होती, कान तापले होते, आणि त्याच वेळी छातीवरची कुणीतरी एकेक गोणी उतरवावी तसा श्वास मोकळा होत होता. कागद भरला तेव्हा बाईंनी तो उलटा केला आणि मागच्या बाजूला लिहायला घेतलं.

एक्स-रेची खोली समोरच होती. आप्पांना तिकडे जाताना पाहून बायको उठली.

"काय झालं?"

"आलोच," आप्पा म्हणाले. मग थबकले. "काल खिळा गिळला बहुधा. बघतायत."

ती पुन्हा बाकावर बसली.

परत आले तेव्हा बाईंच्या टेबलावर पोटाचं चित्र पडलं होतं. त्यांनी ते उजेडाकडे धरलं.

"खिळा नाही."

"असं कसं? नऊच भरले बाई, दोनदा मोजले मी."

"आणि तोंडात घेताना दहाच घेतले होते?"

"मोजूनच घेतो मी."

"केककडे बघत?"

आता ते कोण सांगणार?

"वजन चार किलो उतरलंय," बाई म्हणाल्या. "पाच हवं होतं."

"माहीत आहे मला," आप्पा म्हणाले आणि टेबलाला हात टेकून उठायला लागले. वाईट वाटत होतं, फार वाटत होतं. पण आयुष्यात पहिल्यांदा ते काही न लपवता हरले होते, आणि हरण्याची ही चव त्यांना अनोळखी होती. "पुढच्या यादीत बघू. बायकोला सांगतो तसं."

"बसा, आप्पा."

ते बसले. बाईंनी वही उघडली.

"अर्धं सफरचंद. एक उकडलेलं अंडं. वाटीभर सूप. अर्धं सफरचंद. चार महिने हेच आहे. एवढ्यावर चिमणी जगेल का हो?"

"म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं?"

"पहिल्या पानापासून."

"मग बोलला का नाहीत?"

"बोलले असते, तर तुम्ही आणखी छान वही लिहिली असती."

बाईंनी डोक्यावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला.

"ऑपरेशननंतर तुमच्या पोटात अर्धी वाटी मावेल. कधी दुखेल, कधी उलटेल. तुम्ही फोन कराल आणि मी विचारेन, काय खाल्लंत? तेव्हा तुम्ही मला सफरचंद सांगितलंत, तर मी तुम्हाला वाचवू शकणार नाही. उरलेला किलो आधीच्या दोन आठवड्यांच्या पातळ आहारात जातो, सगळ्यांचाच जातो. माझी सही किलोसाठी अडली नव्हती." त्यांनी बाजूचा फॉर्म ओढला आणि खाली सही केली. "काय गिळलं ते आज पहिल्यांदा खरं सांगितलंत. एकवीस तारीख. सकाळी सात वाजता या. आणि ते खिळे आजपासून बंद."

आप्पांच्या डोळ्यांत पाणी आलं. ते त्यांनी पुसलं नाही. आजवर आरशापुढे, काट्यापुढे, मेहुणीपुढे ते इतक्यांदा मान खाली घालून उभे राहिले होते की जिंकल्यावर मान कशी धरतात तेच त्यांना आठवेना. फॉर्म दोन्ही हातांत धरून, मान ताठ करून ते बाहेर आले. दारातल्या नर्सने हसून वाट दिली.

बायको बाकाच्या कडेवर बसली होती, पर्स छातीशी घट्ट.

"दिसला का?"

"नाही. पोटात नाहीच."

"देवा," ती म्हणाली. मग तिचं लक्ष कागदाकडे गेलं. तिने तो घेतला, तारीख वाचली, पुन्हा वाचली, आणि आप्पांच्या दंडावर कपाळ टेकवलं. येणारी-जाणारी माणसं त्यांना वळसा घालून जात होती.

"आता हे तळाचं काम मी करणार," आप्पा म्हणाले. "थोडे महिने लागतील. पण मीच करणार."

"करा की."

"आणि जरा ऐक. तुला एक यादी सांगायचीय. मोठी आहे. तू चिडशील."

"सांगा तर."

आप्पा शेजारी बसले आणि त्यांनी सगळं सांगितलं, सोफ्याच्या हातापासून जॅमच्या चमच्यांपर्यंत, काहीही हातचं न राखता. ती ऐकत होती. बिस्किटांच्या वेळी तिचे ओठ आवळले गेले, बसस्टॉपवरच्या बनांना तिने डोळे मिटून घेतले. शेवटी केकचं आलं. तोंडात सहा खिळे ठेवून तो गालातून कसा आत सारला, तेही आप्पांनी जसंच्या तसं सांगितलं. तिने त्यांच्या तोंडाकडे पाहिलं.

"जीव धोक्यात घालून खाल्लात," ती म्हणाली. "निदान कसा होता तेवढं तरी सांगा."

आप्पांनी विचार केला. आज खोटं बोलायचं नव्हतं.

"कोरडा," ते म्हणाले. "घशाखाली उतरत नव्हता."

ती इतकी हसली की आतून वहीवाल्या बाईंनी दार उघडून पाहिलं.