दाराला लावलेली शेगडी

मी जड आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणाची निराशा व्हायला नको.

मी शेगडी. तंबू ठोकून राहायला जाणारी माणसं गाडीत घालून नेतात ना, तसली घडीची, कोळशावरची. हल्ली तिला बार्बेक्यू म्हणतात. म्हणोत. कोळसा तोच आहे आणि चटकाही तोच बसतो.

मला एका वेल्डरने केलं. हलक्या शेगड्या कर, असं दुकानदाराने त्याला सांगितलं होतं. त्याने जाड पत्रा घेतला. "पातळ पत्रा दुसऱ्या आगीत वाकतो," तो म्हणाला. "मग लोक माझ्या नावाने बोटं मोडणार." त्याच्या एका हातात सदा वेल्डिंगची दांडी असे. त्यामुळे केलेली वस्तू तो उरलेल्या एकाच हाताने उघडून मिटून बघायचा. ती त्याची सवय होती, त्यात त्याने फार विचार केला असेल असं मला वाटत नाही. माझ्या मधोमध एक मूठ आहे आणि मुठीखाली एक खटका. अंगठ्याने खटका दाबला की माझे चारही पाय आपल्याच वजनाने खाली पडतात.

दुकानात मला सगळ्यात खालच्या फळीवर ठेवलं. गिऱ्हाईक यायचं, वाकायचं, दोन बोटांनी मूठ उचलून बघायचं आणि जणू मी चावले अशा घाईने सोडून द्यायचं. "बाप रे, ही कोण नेणार?"

नका नेऊ. मी काही कुणाच्या पाया पडले नव्हते.

माणसांची एक गंमत मी तिथे पाहिली. गाडीपासून तंबूपर्यंत वीस पावलं असतात. शेगडी निवडताना ती त्या वीस पावलांचाच विचार करतात. मग तिला तीन तास वाऱ्यात उभं राहायचं असतं, ते कुणाच्या ध्यानात येत नाही.

दुकानाला काचेचं दार होतं. वारा सुटला की ते आपटायचं. एक दिवस दुकानदार वैतागला आणि मला उचलून दाराशी ठेवलं. तेव्हापासून दोन वर्षं मी दाराला लावलेली होते. लोकांचे बूट लागले, एका कुत्र्याने तर मला खांबच मानलं. पण एक सांगते, त्या दोन वर्षांत दार एकदाही आपटलं नाही.

मग एका दुपारी एक लेक आणि जावई आले. लेकीच्या आईचा वाढदिवस होता. आई बाहेर गाडीत बसली होती, तिला कळू द्यायचं नव्हतं.

"हलकी बघ हं," लेक म्हणाली. "आईला झेपली पाहिजे."

"ही बघ. एका बोटावर राहतेय," जावई म्हणाला.

लाल रंगाची, गॅसवरची, पिसासारखी हलकी. दोन्ही बाजूंना दोन खटके, लहान मुलांना उघडता येऊ नये म्हणून. दोघांनी ती हौसेने घेतली, वर कागद गुंडाळून घेतला आणि माझ्यावरून पाय उचलून टाकत बाहेर गेली.

आठ दिवसांनी ती शेगडी परत आली. या वेळी लेक आणि जावयाबरोबर आईही आत आली, आणि तिच्या मागे तिचा नवरा. बाई उंच होती. डावा पाय ओढत चालत होती, डावा हात पिशवीसारखा लोंबत होता.

"काय बिघडलं, काकू?" दुकानदाराने विचारलं.

"बिघडलं काही नाही. दोन खटके आहेत आणि दोन्ही एकदम दाबायचे आहेत. माझा एकच हात चालतो."

लेकीचं तोंड एवढंसं झालं. "आई, मी उघडून देत जाईन ना."

"तू उघडून देणार. जावईबापू पेटवणार. हे परतणार. मग मी काय करायचं, वास घ्यायचा?"

ही बाई एका कारखान्याच्या कँटीनमध्ये तीस वर्षं स्वयंपाक करत होती. सुट्टीत तंबू घेऊन तळ्याकाठी जायचं हा त्या घराचा जुना रिवाज, आणि तिथे विस्तव तिचा, हा त्याहून जुना. मागच्या वर्षी तिला अर्धांगाचा झटका आला आणि डावी बाजू गेली. त्यानंतरच्या सहलीत सगळ्यांनी तिला खुर्चीत बसवलं, गुडघ्यांवर पांघरूण घातलं आणि ताट हातात आणून दिलं. तिने दोन घास खाल्ले आणि तंबूत जाऊन पडली. हे मला कसं कळलं? ती तिथेच, काउंटरसमोर, सगळ्यांना ऐकवत होती.

"या वेळी मी पेटवणार. नाही तर मी येत नाही. तुम्ही जा, मजा करा, माझी काही तक्रार नाही."

"तक्रार नाही म्हणते," नवरा दुकानदाराला हळूच म्हणाला. "सोमवारपासून हेच ऐकतोय."

दुकानदाराने एकेक शेगडी काउंटरवर मांडली. बाईने चिमटा घेतला आणि जाळीवर मासा परतावा तसा रेटून बघितला. पहिली शेगडी सरकत सरकत कडेवरून पडली, ती जावयाने झेलली. दुसरी गर्रकन फिरली. तिसरी कलंडली.

"सगळ्या चांगल्याच आहेत, आई," जावई म्हणाला. त्याने स्वतः चिमटा घेऊन रेटून दाखवलं. शेगडी हलली नाही. बाईने त्याच्याकडे पाहिलं नाही, त्याच्या डाव्या हाताकडे पाहिलं. तो हात शेगडीची कड धरून होता. त्याचं त्यालाच माहीत नव्हतं.

"बघा," ती म्हणाली. "तुमचा दुसरा हात न सांगता कामाला लागतो. म्हणून तुम्हाला हलकं चालतं."

जावयाने हात मागे घेतला, जणू काही चोरताना सापडला.

"चला," बाई म्हणाली. "मिळत नाही तर नाही."

दाराशी येताना तिचा ओढता पाय मला लागला. तोल गेला, आणि तिने आपलं सगळं वजन त्या पायाने माझ्यावर टाकलं. मी जागची हलले नाही. ती थांबली. चांगल्या पायाने मला एक ढुशी मारली. मग दुसरी, जोरात.

"ही कुठली?"

"ती होय? ती दाराला लावलीय, काकू."

"ते दिसतंय. विकायची आहे का?"

"फार जड आहे हो. तुम्हाला नाही झेपायची."

"मला काय झेपतं ते मला विचारा."

तिने मूठ धरून मला उचललं. श्वास धरला, दात दाबले, पण उचललं, आणि दाराशेजारच्या बाकावर अधांतरी धरलं. अंगठ्याने खटका चाचपला. दोन वर्षांत कुणी तो दाबला नव्हता. मी मनात स्वतःलाच म्हटलं, आता अडकलीस तर तुझ्यासारखी नालायक तूच. माझे चारही पाय खाडकन खाली पडले आणि बाकावर टेकले. दुकानदारही चमकला. त्याला हे माहीतच नव्हतं.

बाईने चिमटा रेटला. मी हलले नाही. मुद्दामच हलले नाही.

"हिला बांधून द्या," नवरा म्हणाला.

"बांधायची काय, मी नेते."

"आणि माझं दार?" दुकानदाराने विचारलं.

"त्याला ती लाल लावा," बाई म्हणाली.

गाडीपर्यंत तिने मला तीनदा खाली ठेवलं. लेक पुढे धावली तेव्हा बापाने तिची बाही धरली.

तळ्याकाठी वारा होता. बाईने मला तंबूपासून दूर मांडलं, खाली बसली आणि एका हाताने कागद, काटक्या आणि कोळसा रचला. मग काडेपेटी हातात घेऊन थांबली. पेटी एका हाताने धरायची आणि त्याच हाताने काडी ओढायची, हे कसं? मी पाहत होते. सगळेच पाहत होते, आणि आपण पाहत नाही असं दाखवत होते. तिने काडेपेटी माझ्या पायाच्या बेचक्यात खुपसली, घट्ट. काडी ओढली. मोडली. दुसरी मोडली. तिसरी पेटली आणि वाऱ्याने विझली.

लेक उठली.

"बस खाली," बाप म्हणाला.

"बाबा, तिला—"

"बस म्हटलं ना."

पाचव्या काडीला कागदाने पेट घेतला. मग काटक्या, मग कोळसा. धूर बाईच्या तोंडावर गेला, ती खोकली आणि खोकता खोकता म्हणाली, "बटाटे धुतलेत का कुणी, की तेही मीच?" सगळी एकदम कामाला लागली. मासे एका बाजूने करपले.

"काळे झालेत," जावई म्हणाला.

"काळे झालेत तर काळे खा."

खाल्ले. तिने उभ्यानेच खाल्ले, चिमटा काखेत धरून.

त्याला आता चार वर्षं झाली. माझ्या एका पायाला गंज धरलाय, जाळी मधे थोडी बसलीय. दर उन्हाळ्यात कुणीतरी नव्या शेगडीचं चित्र फोनवर दाखवतं, निम्म्या वजनाची, पिशवीत मावणारी. दाखवोत. मला हरकत नाही. माझं एवढंच सांगणं आहे, शेगडी आणायला जाल तेव्हा जो पेटवणार आहे त्याला बाहेर गाडीत बसवून ठेवू नका. आत न्या. त्याच्या हातात चिमटा द्या आणि आपले हात मागे घ्या.

आज सकाळी पुन्हा निघायचं होतं. मी दिवाणखान्यात होते. लेक आली, माझ्यापाशी थांबली. पूर्वी न विचारताच उचलायला धावायची, तशी वाकली नाही.

"आई, शेगडी तू घेतेस की मी घेऊ?"

बाई बुटाची पट्टी लावत होती. जरा विचार केला.

"आज तू घे," ती म्हणाली.

लेकीने मला दोन्ही हातांनी उचललं. दारापर्यंत पोचायच्या आत एकदा खाली ठेवलं, मग जिन्यात आणखी एकदा. आई मागे उभी होती, घाई करत नव्हती.

मीही माझं वजन तसूभर कमी केलं नाही.