छताचा जाणकार

सासऱ्यांच्या खोलीतलं छत पोट सुटल्यासारखं खाली आलंय, हे घरात सगळ्यांना एकाच सकाळी दिसलं. ते काही एका रात्रीत आलं नव्हतं, पण मान वर करून बघायला वेळ होता कुणाला? सासऱ्यांना होता. अर्धांगवायूनंतर दोन वर्षं ते पलंगावर उताणे पडून होते. हातपाय गेले, वाचा गेली, आणि समजही गेली असं घरानं परस्पर ठरवून टाकलं होतं.

सुनेनं त्यांचं सगळं केलं, त्यात कसर ठेवली नाही. रोज सकाळी त्यांच्या पापण्यांवरची पांढरी भुकटी पुसायची आणि नवऱ्यावर खेकसायची, बाबांना पावडर लावता की पीठ थापता म्हणून. पण तीही माणूसच, थकली होती. छत पाडायचं तर सासऱ्यांना वृद्धाश्रमात ठेवावं लागणार, आणि एकदा नेलं की परत आणायची घाई नको, हे नवराबायकोनं त्यांच्या उशाशी उभं राहूनच बोलून घेतलं होतं. फॉर्म भरून झाला होता, सही तेवढी बाकी होती.

गवंडी आला तो एक नंबरचा बोलघेवडा. "काका, जरा शेजार बदलू या," म्हणत त्यानं आधी पलंग खिडकीखाली ओढला. मग शिडीवर चढून काठीच्या टोकानं गिलावा ठोकत निघाला. घट्ट जागी टणक आवाज यायचा, सुटलेल्या जागी बद्द. बद्द वाजलं की तो खडूनं खूण करायचा. सून शिडी धरून उभी होती.

मध्येच त्याची बडबड थांबली. त्यानं काठी वर नेली, पण टेकवलीच नाही. ती हवेत सरकवत तो सासऱ्यांकडे बघत राहिला.

"वहिनी, यांच्या डोळ्यांकडे बघा," तो हळूच म्हणाला.

काठी घट्ट गिलाव्याखाली असली की डोळे उघडे. सुटलेल्या जागेखाली आली की पापण्या गच्च मिटत. खिडकीपर्यंत आता धूळ पोचत नव्हती, तरी मिटत. दोन वर्षं वरून कण सुटला की पंखा तो नेमका त्यांच्या डोळ्यांत आणून टाकत होता, आणि कण कुठून सुटतो ती जागान् जागा त्यांना पाठ झाली होती. सुनेला रोज पुसलेली ती भुकटी आठवली; ती पावडर नव्हतीच.

दिव्याशेजारी मात्र गाडी अडली. आवाज चांगला टणक, आणि सासऱ्यांचे डोळे मिटलेले. इथे काका चुकले, असं म्हणत गवंडी पुढे सरकला, मग राहवेना म्हणून परत आला आणि तळहात टेकवून दाबलं. गिलावा अर्धं बोट वर गेला आणि हात काढताच खाली आला.

"तीस वर्षं ठोकतोय मी," तो म्हणाला. "मला कळलं नाही हो."

तो खाली उतरून पलंगापाशी उभा राहिला. मग त्यानं सुनेला सांगितलं, की सुटलेली जागान् जागा आता कळलीय, तेव्हा पाडायची गरज नाही; बारीक भोकं पाडून आत चिकट लापी सोडायची, फळ्या लावून खालून टेकू द्यायचे, चार दिवसांचं काम. तोवर काका बाहेरच्या खोलीत राहतील.

या डोळ्यांसमोर आपण काय काय बोललो, ते सुनेला एकेक आठवत होतं. दोन वर्षांत तिनं त्यांना कूस बदलते, तोंड उघडा, एवढंच सांगितलं होतं. सरळ त्यांच्याशी बोलायची आता तिला भीती वाटत होती. ती पलंगाच्या कडेवर टेकली.

"बाबा, तुम्हांला इथून," तिनं सुरुवात केली, आणि त्यांच्या पापण्या गच्च मिटल्या.

"कुठेही पाठवणार नाही," तिनं घाईघाईनं वाक्य पुरं केलं. "तुम्ही इथेच राहायचं."

पापण्या उघडायला वेळ लागला. उघडल्या तेव्हा सासरे थेट तिच्याकडे बघत होते.