फाशीच्या झाडावरचं घुबड

"एका दगडात दोन पक्षी," नवरा म्हणाला होता. त्याच्या पक्षीमंडळाची शनिवार-रविवारची सहल होईल आणि माझ्या सासऱ्यांना, अण्णांना, ते झाडही दाखवून होईल. दगड कुणाला बसणार, ते मला तेव्हाच कळायला हवं होतं.

अण्णांच्या आजोबांना गोऱ्या साहेबानं त्या झाडावर फाशी दिली होती. वर हुकूम काय, तर घरच्यांनी रडायचं नाही. आवाज आला तर दुसराही लटकेल. बायकापोरं तोंडात कापड कोंबून बसली. अण्णांनी आता ऐंशी ओलांडलीय. त्यांना एकच करायचं होतं: त्या झाडाखाली उभं राहून आजोबांना मोठ्यानं हाक मारायची. "एकदाच गं," मला म्हणाले, "मग मी मोकळा."

शनिवारी विश्रामगृहात चहाला बसलो. मंडळाचे अध्यक्ष पेशानं दातांचे डॉक्टर. भिंतीवरच्या तसबिरीकडे बोट दाखवून म्हणाले, "या साहेबानं इथल्या पक्ष्यांची पहिली नोंद केली. देवमाणूस!"

"त्यानंच माझ्या आजोबांना फासावर चढवलं," अण्णा म्हणाले.

"अरे बापरे." डॉक्टरांनी बिस्किट चहात बुडवलं. "पण पक्ष्यांवर फार जीव हो त्याचा."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. नवऱ्यानं टेबलाखालून माझा पाय दाबला.

रविवारी सकाळी झाडाशी पोचलो, तर ढोलीत घुबडाची मादी अंड्यांवर बसलेली. दुर्मीळ म्हणे! एरवी कुणाला घुबड म्हणा, अंगावर धावून येईल. इथं सगळं मंडळ तिच्यापुढे श्वास रोखून उभं. अण्णा काठी टेकत पुढे गेले. बुंध्यावर हात ठेवला, मान वर केली, तोंड उघडलं.

"शूऽऽ!" डॉक्टर कुजबुजले. "आजोबा, आवाज नको. उडेल ती."

अण्णांनी तोंड मिटलं.

"एक हाक मारायचीय त्यांना. फक्त एक," मी म्हणाले.

"मनात मारा ना," एक बाई हळूच म्हणाल्या. "मनातलीसुद्धा पोचते हो."

मी नवऱ्याकडे पाहिलं. तो डोळ्यांना दुर्बीण लावून उभा, जसं काही आम्ही त्याचे कुणीच नव्हतो.

मग मात्र माझं डोकं फिरलं. मी जोरजोरात टाळ्या पिटल्या. घुबड भर्रकन उडालं. "मारा हाक, अण्णा! बघू कोण अडवतंय!"

एकच गलका झाला. "अक्कल आहे का बाई?" "अंडी गार पडतील!" "लाज आणलीस," हे नवऱ्याचं.

मी अण्णांकडे वळले. त्यांनी काठी काखेत धरली, दोन्ही हात जोडले आणि त्या झाडाखाली डॉक्टरांपुढे वाकले.

"सुनेचं चुकलं, साहेब," म्हणाले. "पदरात घ्या."

डॉक्टरांनी ओठांवर बोट ठेवलं. मादी परत येईपर्यंत कुणी बोलायचं नव्हतं. आम्ही सगळे गप्प उभे राहिलो, मीसुद्धा.