तुटलेल्या धाग्याच्या टोकाशी

मित्रांनो, मी एक जुना सूक्ष्मदर्शक आहे. माझी भिंगं एका कारागीर बाईंनी हाताने घासली होती. प्रयोगशाळेत आलो तेव्हा माझा काय तो थाट! डोळा लावायला माणसं ताटकळत उभी राहायची. पुढे नवं यंत्र आलं आणि मी अडगळीत गेलो. भिंगांवर बुरशी धरली.

तिथून मला बाहेर काढलं एका संशोधक ताईंनी. नव्या यंत्रावर काम करायला त्यांना वेळ मिळेना. त्यांनी दुरुस्तीवाल्याला बोलावून माझी भिंगं साफ करून घेतली.

त्यांचा ध्यास वेगळाच होता. मेंदूतल्या पेशीला लांबच लांब धागा असतो. त्याच्या टोकाला प्रथिन लागलं, तर ते पेशीच्या मुख्य भागातूनच यावं लागतं का? ताई म्हणायच्या, नाही. बाहेरून रासायनिक निरोप आला की टोक जागच्या जागी प्रथिन बनवतं. प्रयोगशाळेच्या प्रमुख सरांना ते पटत नव्हतं. पुरावा द्या, नाहीतर हे काम बंद करा, असं त्यांनी बजावलं.

मग एका सकाळी ताईंनी बशीत वाढवलेली अशी एक पेशी माझ्याखाली ठेवली आणि काचेच्या बारीक सुईने तिचा धागा तोडून टाकला. आता मुख्य भागातून काही येण्याची सोयच उरली नाही. नवं प्रथिन बनलं तर ते माझ्यावर बसवलेल्या निळ्या दिव्याच्या प्रकाशात हिरवं चमकेल, अशी तजवीज त्यांनी आधीच केली होती. त्यांनी निरोपाच्या रसायनाचा थेंब सोडला. सर शेजारी हाताची घडी घालून उभे होते.

बराच वेळ सगळा अंधारच होता. आणि मग टोकाशी एक हिरवा ठिपका उजळला! मग दुसरा, मग टोकभर! ताईंचा श्वास माझ्या काचेवर उमटला. मला तर आनंद मावेना.

सर डोळा लावून बघतच राहिले. मग म्हणाले, "प्रथिन बनणं थांबवणारं औषध घालून पुन्हा करा बरं."

ताईंनी नवा धागा घेतला, तोडला, औषध घातलं, मग तोच निरोप दिला. या वेळी टोक काळोखातच राहिलं. म्हणजे मघाचं प्रथिन खरोखर तिथेच बनलं होतं!

सरांनी खुर्ची ओढून घेतली. "काम चालू ठेवा," ते म्हणाले, "आणि उद्या मलाही बोलवा."

मित्रांनो, तुमच्या शाळेच्या कपाटातही माझा एखादा भाऊबंद धूळ खात असेल. त्याला बाहेर काढा. भिंगाला बोट लावू नका, मऊ कापडाने हलकेच पुसा आणि तळ्यातल्या पाण्याचा एक थेंब त्याच्यासमोर ठेवा. बघायला तोही तुमच्याइतकाच उतावीळ झालेला असेल.