अर्ध्या अक्षराची खेप

एकोणनव्वद साली मोहोपाड्याच्या कारखान्यात कॉम्प्युटर आला आणि पगाराच्या यादीत हमाल सदूच्या नावातला 'दू' गायब झाला. यंत्राच्या मापानं एकेक अक्षर दोन-तीन बाईटांचं. यंत्र ठरावीक बाईटांची खेप वाचायचं आणि शेवटी अर्धवट राहिलेलं अक्षर फेकून द्यायचं.

सदूचं डोकं फिरलं. "टेंपोत न मावलेली गोण आमी फेकतो का, साहेब? पुढच्या खेपेला आधी चढवतो!"

कॉम्प्युटरवाल्या साहेबांनी तसाच प्रोग्राम लिहिला. नावं शाबूत आली, फक्त यादीतल्या शेवटच्या जयवंताचं अर्धं अक्षर पुढच्या खेपेची वाट बघत अडकलं.

"मंग आणखी एक माणूस भरती करा," म्हणत सदूनं मेव्हण्याला उभं केलं. जयवंता सुटला, मेव्हणा अडकला.

वर्षभरात सदूचं अर्धं गाव, अर्धं भिसेगाव, कामाला लागलं. साहेब अजून चूक शोधतायत, आणि सदू त्यांना रोज चहा पाजून गप्पांत गुंतवतो.