शाबासकीचे वळ

गिरणीवालीने घोडी आणली ती दोर धरून, पायी, भर रस्त्याने. दोन्ही बाजूंचे दुकानदार गिऱ्हाईक सोडून बघायला उठले, कारण ही घोडी आहे यावर चटकन विश्वास बसत नव्हता. बरगड्या लांबूनही दिसत होत्या. खुरं जुन्या चपलेच्या टोकासारखी वाढून वर वळलेली. पाठीवर जिनाखालचे केस जाऊन कातडं उघडं पडलेलं, आणि तोंडाच्या दोन्ही कोपऱ्यांत लगामाच्या लोखंडाने चिरून चिरून गाठी धरलेल्या. गिरणीवालीचं तोंड लाल झालं होतं, ते उन्हाने नव्हे.

वस्तीच्या टोकाला घोडेस्वारी शिकवायची एक शाळा होती. तिच्या मालकांना सगळे सर म्हणत. पांढराशुभ्र शर्ट, आरशासारखे बूट आणि बोलणं असं की ऐकत राहावं. शिकणाऱ्या मुलांचे आईबाप कुंपणापाशी खुर्च्या टाकून बसत आणि एकमेकांना सांगत की सर घोड्यांवर कधी आवाज म्हणून चढवत नाहीत. गिरणीवाली तिथे दर आठवड्याला कोंड्याची पोती पोचवत असे. एके दिवशी पुढचं कोठार बंद होतं म्हणून ती मागच्या बाजूला गेली, आणि पत्र्याच्या आडोशाला, स्वतःच्या लिदीत घोटे बुडवून उभी असलेली ही घोडी तिला दिसली. इतकी वर्षं मी कोंडा घालतेय तो जातो कुणाच्या पोटात, असं तिने सरांना तिथल्या तिथे विचारलं. सर हसले. म्हातारी झालीय, डोक्यानेही गेलीय, एक माणूस येणार आहे न्यायला, असं म्हणाले. कुठला माणूस आणि नेऊन काय करणार, हे विचारायची गरजच नव्हती.

"मग मीच नेते," गिरणीवाली म्हणाली.

सरांनी हरकत घेतली नाही. फक्त जाताजाता गोड आवाजात सांगितलं की महिनाभर बघा, नाही जमलं तर निरोप धाडा, मी येऊन घेऊन जाईन. तो माणूस काही पळून जात नाही.

गिरणी दोघांची होती, तिची आणि तिच्या दिराची. नवऱ्याच्या माघारी दोघांनी मिळून ती चालती ठेवली होती. घरात तिसरी गिरणीवालीची सून. दीर मनाने वाईट नव्हता, पण नाकासमोर चालणारा. त्याने घोडीकडे पाहिलं, वहिनीकडे पाहिलं, आणि आपली चक्की विजेवर चालते, घोड्यावर नाही, याची तिला आठवण करून दिली. सरांचा शब्द कानावर आल्यावर मात्र त्याचा जीव भांड्यात पडला. महिना म्हणजे महिना, वहिनी, एवढं बोलून तो पोती शिवायला निघून गेला.

जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी घोडीचं तोंड उघडून दात पाहिले आणि विचारलं, म्हातारी आहे असं कुणी सांगितलं? भर वयातली आहे. गिरणीवालीने कपाळावर हात मारला. सर म्हणवणाऱ्या त्या माणसाने उपाशी ठेवून ठेवून तिला म्हातारी केली होती आणि वर तिच्या वयाच्या नावाने खडे फोडत होता. डॉक्टरीणबाईंनी आणखी एक गोष्ट बजावली: दाणा द्यायचा नाही, कोंडाही नाही. इतके दिवस रिकाम्या असलेल्या पोटात एकदम दाणा पडला तर घोडी जायची. सुकं गवत, थोडं थोडं, दिवसातून पुष्कळदा. म्हणजे चारी बाजूंना धान्याच्या थप्प्या आणि मध्ये ही काड्या चघळणार. भरल्या गिरणीत उपास घडवणारे आपणच, म्हणून सून हसली. गिरणीवालीला हसू आलं नाही.

आता या घराची एक खोड सांगायला हवी. या घरात शाबासकी फार स्वस्त. कुणी पोतं उचललं की शाबास. पट्टा चाकावर पहिल्याच झटक्यात बसला तर पट्ट्याला शाबास. सकाळी मोटर न कुरकुरता सुरू झाली तर तिच्या पाठीवर थाप मारून तिला शाबास. सून नवीन होती तेव्हा तिला वाटलं होतं की आपली चेष्टा चाललीय. आता तीच दूध उतू गेलं नाही तर पातेल्याला शाबास म्हणत असे.

तेव्हा गिरणीला लागून असलेल्या गोठ्यात घोडीने गवताची पहिली काडी उचलली आणि तिघांच्याही तोंडून एकदमच निघालं, शाबास. घोडीच्या तोंडातली काडी गळली. ती मागे सरली, भिंतीला चिकटली आणि उभ्या जागी लटलट कापायला लागली. तिघं घाबरली. बिचारी बुजली असेल, अजून प्रेमाने बोलायला हवं, असं ठरलं. मग काय, सून जखमेवर मलम लावताना शाबास, गिरणीवाली मानेवरच्या केसांचे गुंते सोडवताना शाबास. जितकी माया जास्त, तितकी घोडीची दशा वाईट. नवल एवढंच की चक्की सुरू असली, पलीकडच्या भिंतीआड तो घरघराट चालला असला की घोडी शांत उभी राहायची. चक्की थांबली आणि माणसं बोलायला लागली की पुन्हा घाम, पुन्हा थरकाप. डॉक्टरीणबाईसुद्धा चक्रावल्या. आवाजाला बुजणारी घोडी बघितलीय, म्हणाल्या, शांततेला बुजणारी पहिल्यांदाच बघतेय.

शेवटी दिराची पाळी आली. आपण काही दगड नाही हे दाखवायला तो एका दुपारी पेंढी घेऊन आत गेला. घोडीने त्याच्या हातातून गवत खाल्लं. माणूस विरघळला. तिच्या खांद्यावर थाप मारून मोठ्या प्रेमाने शाबास म्हणाला, आणि पुढच्या क्षणी घोडीने अशी उसळी घेतली की फळी आणि भिंत यांच्यामध्ये त्याचा हात चेंगरला. पट्टी बांधून घेताना त्याला दुखण्यापेक्षा अपमान जास्त झोंबत होता. मी शाबास म्हणतोय आणि ही माझाच हात मोडते, असं तो दिसेल त्याला सांगत सुटला. संध्याकाळी त्याने सरांना निरोप धाडला की महिना भरला की या.

गिरणीवालीने वाद घातला नाही. घालणार तरी काय, हात तर मोडता मोडता राहिला होता. दुसऱ्या दिवशी ती आपली रिकामी पोती परत आणायला शाळेत गेली, कारण तिथला रतीब तिने केव्हाच बंद केला होता. पोती मागच्या बाजूला पडली होती. तिथे पत्रे ठोकून केलेलं एक गोल रिंगण होतं. पत्र्याच्या अल्याड ती, पल्याड कुंपणाजवळच्या खुर्च्यांत आईबाप. मधलं कुणालाच दिसत नव्हतं, पण आवाज सगळ्यांना येत होता.

"शाबास," सर आत म्हणत होते. "शाबास. शाबास."

सरांच्या तोंडून इतकी माया ऐकून तिला आश्चर्य वाटलं, म्हणून तिने पत्र्याच्या फटीला डोळा लावला. आत एक तांबडा घोडा आखूड दोराने खुंटाला बांधला होता. सरांच्या हातात वेताची छडी होती. छडी बसली की शाबास. शाबास म्हटलं की छडी. आवाज मधासारखा, चेहरा घट्ट. आणि पलीकडून कुणीतरी बाई कौतुकाने म्हणाली की ऐकलंत, किती गोडीने शिकवतात.

गिरणीवालीच्या हातातली पोती खाली पडली. तिला आपला गोठा दिसला, गवताची गळलेली काडी दिसली, मलम लावणारी सून दिसली. देवाने जिभेला इतके शब्द दिले, त्यातला सगळ्यांत निर्मळ शब्द या माणसाने उचलला आणि त्याचा कोरडा केला. चारचौघांत शोभावं म्हणून. आणि आम्ही येडे, ती मनात म्हणाली, आम्ही रोज तिला प्रेमाने फटके मारत होतो.

तिने दोन्ही हातांनी पत्रा बडवला. सर बाहेर आले ते हसतच. ती तडक खुर्च्यांपाशी गेली आणि आत काय चाललंय ते तिने सगळ्यांना सांगितलं. लोकांनी पिठाने माखलेल्या त्या बाईकडे पाहिलं, सरांच्या पांढऱ्या शर्टाकडे पाहिलं. एक गृहस्थ समजुतीच्या सुरात म्हणाले की सरांना त्यातलं कळतं. ती रिकामी पोती खांद्यावर टाकून घरी आली तेव्हा तिच्या पायांखालची वाट तापली होती.

घरी तिने सांगितलं, आणि आवारात तो शब्द बंद झाला. म्हणजे बंद करायचा ठरला. दिराचा काही विश्वास बसला नव्हता. घोडीला काय मराठी कळतं का, म्हणाला. पण खरी पंचाईत निराळीच होती. जन्माची सवय, जीभ आवरेना. सूनबाई दोनदा चुकली आणि दोन्हीदा रडली. तेव्हा गिरणीवालीला चक्कीच आठवली. चक्की सुरू असताना गिरणीतली माणसं तोंडाने बोलतच नाहीत, हातांनी बोलतात. दोन बोटं एकमेकांवर घासली की पीठ बारीक, तळवा आडवा केला की थांब, मूठ उघडली की सोड. म्हणून घोडी इतके दिवस त्या घरघराटात शांत होती. तेवढा वेळ तिला कुणी शाबास म्हणू शकत नव्हतं.

खुरं काढायला नालबंदाला बोलावलं तेही चक्की चालू ठेवून. त्याला आधीच सांगून ठेवलं होतं की तोंड उघडायचं नाही, अगदी ठेच लागली तरी. घोडीने पहिला पाय द्यायला पुष्कळ वेळ घेतला. नालबंद पाठ वाकवून नुसता थांबला. मग तिने आपणहून पाय सैल सोडला. वळलेल्या खुरांचे तुकडे पडत गेले, कानस फिरली, आणि चारही पाय झाले तेव्हा घोडी जमिनीवर सपाट उभी राहिली, बहुधा कित्येक महिन्यांनी. दारात पट्टी बांधलेला दीर उभा होता. त्याने चांगल्या हाताची दोन बोटं एकमेकांवर घासली: बारीक, एक नंबर. पण सरांना धाडलेला निरोप त्याने परत घेतला नाही. दिलेला शब्द फिरवायचं त्याच्या स्वभावात नव्हतं.

महिना भरला तशी सरांची गाडी आली. बरोबर तो माणूसही होता. चक्की त्या वेळी बंद होती, गुळगुळीत झालेल्या दगडाला टाकी लावायचं काम चाललं होतं. सरांनी घोडीचं अंग पाहिलं, कमाल केलीत ताई, म्हणाले, आणि कुणी अडवायच्या आत गोठ्यात शिरून त्यांनी दोर हातात घेतला.

"शाबास," ते म्हणाले. "शाबास, चल."

घोडीचे पुढचे पाय गुडघ्यांत मोडले. तिने डोकं भिंतीच्या कोपऱ्यात खुपसलं आणि ती जागच्या जागी मुतली. सरांच्या हातात छडी नव्हती, काही नव्हतं. नुसता शब्द होता.

दिराचा चेहरा पांढरा पडला.

"बघितलंत?" सर म्हणाले. "डोक्यानेच गेलीय ही. म्हणून म्हणत होतो."

"डोक्याने ती नाही गेली," गिरणीवाली म्हणाली. "शिवी हासडून मारलं असतंत तर निदान तिला शिवी तरी कळली असती. तुम्ही आमच्या घरातला शब्द बाटवलात. दोर खाली ठेवा."

सर दिराकडे वळले. निरोप तुमचाच होता, म्हणाले. व्यवहार म्हणजे व्यवहार.

"निरोप माझा होता," दीर म्हणाला. "गाडी रिकामी न्या."

सरांनी बोलायला तोंड उघडलं, तोवर दीर आत जाऊन खटका दाबून आला होता. वरचा दगड काढून ठेवलेला, खाली दाणा नाही, नुसती मोटर आणि पट्टा. विजेचा एक थेंब वाया जाऊ न देणारा माणूस, पण त्याने ती तशीच धडधडत ठेवली. सरांचे ओठ हलत राहिले, हात हलत राहिले, शब्द काही कुणाच्या कानावर आला नाही. गिरणीवालीने तळवा आडवा केला, मग मूठ उघडली. त्यांना गिरणीची भाषा येत नव्हती, पण तेवढं कळलं. दोर टाकून ते निघून गेले.

मोटर बंद केल्यावर फार शांत वाटलं. महिन्याभराची कमाई गेली होती. घोडी कोपऱ्यातून तोंड काढेना, गवताकडे बघेना, अंगावरचा घाम वाळून मिठासारखा पांढरा झाला होता. गिरणीवाली दाराशी पोत्यावर बसली. पुन्हा पहिल्यापासून, पुन्हा काडी काडी, तिने मनाशी म्हटलं, आणि राग काही उतरेना. दीर तिच्या शेजारी येऊन उभा राहिला. पट्टीवरचं पीठ झटकत राहिला. मग अगदी हळू आवाजात, घोडीला ऐकू जाणार नाही अशा बेताने, त्याने विचारलं,

"वहिनी, तो तांबडा घोडा कुठल्या बाजूला बांधतात?"